वावळ्याची तयारी पाडव्यापासून: बी गोळा करण्यापासून तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत

मृगाचा पाऊस झाला की दर वर्षी तेच तीन फोन येतात. "बी आणून डब्यात ठेवलंय, आता पेरू ना?" "नर्सरीतनं रोप आणलं, पण पानाच्या कडेला दाते आहेत, हा वावळाच आहे का?" आणि तिसरा, सगळ्यात वाईट: "मागच्या पावसात लावलेला वावळा जानेवारीत वाळला, म्हणून उपटून टाकला." वावळा चिवट आहे, पण त्याचं वेळापत्रक आपल्या वृक्षारोपणाच्या वेळापत्रकाशी जुळत नाही. आपला हंगाम जूनला सुरू होतो आणि त्याचा गुढीपाडव्याच्या आसपास. साताऱ्याच्या मुरमाड उतारांवर आणि सांगली-मिरजेच्या काळ्या मातीत आम्ही गमावलेल्या रोपांचा हिशेब मांडला, तर पाण्याअभावी गेलेली थोडी आणि चुकीच्या वेळी चुकीचं काम केल्याने गेलेली पुष्कळ निघतात. म्हणून हे सगळं एकदा क्रमाने लिहून काढतो आहे.

आधी एक गोंधळ मिटवू. वावळा एल्म या थंड मुलखातल्या झाडांच्या कुळातला, त्यामुळे काही जण एल्मच शोधायला निघतात. रोगाला दाद न देणारे म्हणून एल्मचे जे परदेशी वाण इंटरनेटवर दिसतात, ते कडक हिवाळ्याच्या मुलखासाठी निवडलेले आहेत. आपल्याकडे नर्सरीत चायनीज एल्म मिळतो, तो बहुधा बोन्सायसाठी. आपल्या रस्त्याकडेला उभा राहणारा एल्मच्या कुळातला गडी म्हणजे वावळा. काही गावांत त्याला पापडा म्हणतात, शास्त्रीय नाव होलोप्टेलिया इंटेग्रिफोलिया.

१. आधी जागा ठरवा, मग रोपाचं बघा

पूर्ण वाढलेला वावळा १५ ते २० मीटर उंच होतो आणि तेवढाच ऐसपैस पसरतो. हातभर रोप पाहून हे डोळ्यांसमोर येत नाही, त्यामुळे मी जागेवर उभं राहून पावलांनी मोजायला सांगतो. घराच्या भिंतीपासून किमान ६ मीटर. दोन वावळ्यांत किंवा वावळा आणि दुसऱ्या मोठ्या झाडात ८ ते १० मीटर. वर महावितरणच्या तारा असतील तर तिथे वावळा लावूच नका, आपटा किंवा बहावा लावा. पुढे दर वर्षी झाडाचा शेंडा कापला जाताना पाहण्यापेक्षा ते बरं.

खालचंही विचारून घ्या. नळाची पाइपलाइन, ड्रेनेज, केबल कुठून गेली आहे हे वसाहतीतल्या जुन्या रहिवाशांना आणि प्लंबरला पक्कं ठाऊक असतं. सार्वजनिक जागा असेल तर नगरपालिकेला किंवा महापालिकेला अर्ज द्या आणि पोचेची प्रत जपून ठेवा. पुढे रस्ता रुंद करायचा विषय निघाला की हाच कागद कामाला येतो.

परागाचा मुद्दा बहुतेक जण सोडून देतात. जानेवारी ते मार्च झाड निष्पर्ण असताना वावळा फुलतो आणि त्याचे परागकण वाऱ्यावर पसरतात. दमा आणि ॲलर्जी असलेल्यांना त्याचा त्रास होतो, विशेषतः उत्तर भारतात हा पराग त्यासाठी कुप्रसिद्ध आहे. त्यामुळे दवाखान्याच्या, शाळेच्या वर्गांच्या किंवा झोपायच्या खोल्यांच्या खिडकीला लागून वावळ्यांची रांग नको. पत्र्याच्या छपराशेजारीही नको, कारण वैशाखात पापड्या (वावळ्याच्या चपट्या, पंखवाल्या बिया) उडून पन्हळीत बसतात आणि पहिल्याच वळवाला पन्हळ तुंबते.

सगळा रस्ता एकाच झाडाचा करू नका. युरोप-अमेरिकेत एल्मच्या रांगाच्या रांगा डच एल्म रोगाने गेल्या. सालीतले भुंगेरे बुरशी एका झाडावरून दुसऱ्यावर नेत होते आणि शेजारच्या झाडांची मुळं जमिनीखाली जुळलेली असल्याने रोग तिथूनही सरकत होता. वावळ्यावर आज तसं संकट नाही, पण दहा झाडांत मी दोन-तीनच वावळे धरतो. बाकी करंज, कडुनिंब, जांभूळ, बहावा.

*तपासा:* सांगली-मिरजेत २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरात तुमच्या जागेवर पाणी किती दिवस उभं होतं? आठवडाभर पाणी साचत असेल तर तिथे करंज किंवा जांभूळ लावा.

२. बी गोळा करणं: पाडवा ते अक्षय्य तृतीया

फेब्रुवारी-मार्चमध्ये झाडावर हिरव्या चपट्या चकत्यांचे घोस दिसतात. लांबून पाहणाऱ्याला ती नवी पालवी वाटते. तेव्हा तोडू नका. एप्रिलमध्ये चकत्या पिवळट-तपकिरी होतात, हातात घेतल्या की पापडासारख्या कुरकुरतात, आणि वारा आला की उडायला लागतात. उडायला लागल्यापासूनचे आठ-दहा दिवस बी गोळा करायला उत्तम. झाडाखाली जुनी साडी किंवा ताडपत्री अंथरा आणि लांब काठीने फांदी हलवा.

आता एक पापडी तळहातावर घ्या. साधारण रुपयाच्या नाण्याएवढी, मध्ये फुगवटा, भोवती शिरा असलेला पातळ पंख. फुगवट्यावर अंगठ्याचं नख हलकं दाबा. आत टणक लागलं तर बी भरलेलं आहे. नख सहज खाली गेलं, कागदावर कागद दाबल्यासारखं वाटलं, तर पापडी पोकळ आहे. वावळ्याला अशा पोकळ पापड्या भरपूर येतात, म्हणून पोतंभर गोळा करून मूठभर उगवल्याच्या तक्रारी येतात. मी पेरण्याआधी वीस पापड्या अशा दाबून बघतो. त्यात दहाही भरलेल्या नसल्या तर दुसऱ्या झाडाकडे जातो.

आणि बी एकाच झाडाचं घेऊ नका. तीन-चार वेगवेगळ्या, सरळ बुंध्याच्या, निरोगी झाडांचं एकत्र करा.

*सावध:* बी डब्यात भरून जूनपर्यंत ठेवू नका. माझा पहिला पेरा असाच वाया गेला. स्टीलच्या डब्यात, कोरड्या जागी, अगदी निगुतीने ठेवलं होतं. मृग लागल्यावर दोनशे पापड्या पेरल्या आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी रोपं आली. वावळ्याच्या बियांची उगवणशक्ती लवकर उतरते. गोळा केल्यापासून आठवड्याच्या आत बी मातीत जायला हवं.

३. पेरणी आणि पिशव्या: भर उन्हाळ्यात

एप्रिल-मेच्या उन्हात पेरायचं म्हटलं की लोक बिचकतात. तरी पेरायचं तेव्हाच, फक्त सावलीत: हिरव्या शेडनेटखाली किंवा आंब्याच्या झाडाखाली.

पापड्या हातावर चोळून पंखाची कड मोडून टाका, म्हणजे त्या मातीत नीट बसतात. रात्रभर साध्या पाण्यात भिजवा. माती दोन घमेली, चाळलेली वाळू एक घमेलं, पूर्ण कुजलेलं शेणखत एक घमेलं, असं मिश्रण करा. पेरणी गादीवाफ्यावर किंवा थेट पिशवीत करता येते. मला पिशवी बरी वाटते, एका पिशवीत दोन बिया. बी आडवं ठेवा आणि वर नखभर माती, त्याहून जाड थर नको. पाणी झारीने, तोटीची भोकं बारीक असलेल्या. पाइपने पाणी मारलंत तर हलकी पापडी वर तरंगते आणि दुपारी उन्हात भाजते.

आठवडा ते पंधरा दिवसांत उगवण दिसते. या काळात उंदीर आणि खारींकडे लक्ष ठेवा. आतला गर आपल्यालाही खाता येतो, मग त्या कशाला सोडतील? रात्री पिशव्यांवर जाळी टाका.

कोवळी रोपं जमिनीलगत बारीक होऊन कोलमडायला लागली तर बहुतेक वेळा जास्त पाणी हे कारण असतं. पाणी कमी करा, सावली थोडी विरळ करा, मेलेली रोपं उचलून टाका. पुढच्या वर्षी मिश्रणात ट्रायकोडर्मा (रोपं कुजवणाऱ्या बुरशीला आवर घालणारी उपयुक्त बुरशी) मिसळा.

*तपासा:* लहान रोपाच्या पानाला करवतीसारखे दाते असतात, मोठ्या झाडाच्या पानाला नसतात. या फरकाने फसून एका वसाहतीत चाळीस रोपं "ही दुसरीच जात आहे" म्हणून फेकून दिली होती. खात्री करायची तर पान चुरगाळून वास घ्या. वावळ्याच्या पानाला उग्र, नकोसा वास येतो. नर्सरीत कधी कधी करंज वावळा म्हणून हातात पडतो. करंजाच्या एका देठावर पाच-सात पर्णिका असतात, वावळ्याचं पान एकेकटं असतं.

४. मोठ्या पिशवीत बदली

घाई करणारे हाच टप्पा गाळतात. पाच बाय आठ इंचांच्या पिशवीतलं रोप जुलै-ऑगस्टमध्ये वीतभर झालं की त्याला दहा बाय बाराच्या पिशवीत हलवा. तिथे पुढच्या जूनपर्यंत ठेवा. त्याच पावसाळ्यात वीतभर रोप रस्त्याकडेला लावलं तर ते गवतात हरवतं, नाहीतर शेळीच्या तोंडी जातं.

पिशव्या जमिनीवर तशाच ठेवल्या तर सोटमूळ तळाच्या भोकातून मातीत उतरतं, आणि लावायच्या दिवशी पिशवी उचलली की ते तुटतं. पिशव्यांखाली जाड प्लॅस्टिक अंथरा आणि दर महिन्याला पिशव्या जागच्या जागी फिरवा.

विकतचं रोप घेत असाल तर उंचीला भुलू नका. गेल्या वर्षी मी सहा फुटी, तजेलदार दिसणारं एक रोप आणलं. पिशवी फाडली तर तळाशी मुळांचं वेटोळं, दोरखंडाचं भेंडोळं असतं तसं, बोटाएवढ्या जाडीचं. असं रोप दोन-तीन वर्षं तग धरतं आणि मग वादळात बुंध्यापासून कलतं, कारण मुळं बाहेर पडलेलीच नसतात. खांद्याएवढं, बुंधा अंगठ्याएवढा आणि पिशवी वर्षाच्या आतली असलेलं रोप मागा.

५. खड्डा: मे महिन्यातच

जूनमध्ये एका हाताने खड्डा आणि दुसऱ्या हाताने रोप, असं करू नका. खड्डा मेच्या पहिल्या पंधरवड्यात घ्या आणि तीन आठवडे उन्हात तापू द्या.

साताऱ्याकडच्या मुरमाड जागेत, अजिंक्यताऱ्याच्या उताराला किंवा माळावर, दोन फूट लांब, रुंद, खोल खड्डा पुरतो. खाली कडक थर लागला तर पहारीने फोडून तीन फुटांपर्यंत न्या. निघालेल्या मुरमातला निम्मा बाजूला काढून त्या जागी पोयट्याची माती घाला.

काळ्या मातीत अडचण वेगळीच असते. जेसीबीच्या बकेटने घेतलेल्या खड्ड्याच्या भिंती घोटल्यासारख्या गुळगुळीत होतात. पावसाळ्यात तो खड्डा हौदासारखा भरतो, मुळं सडतात. उन्हाळ्यात तीच माती आकसून भेगा पडतात आणि कोवळी मुळं तुटतात. म्हणून भिंतींना टिकावाने ओरखडे काढा आणि भरताना मुरूम किंवा वाळू मिसळा.

*तपासा:* संध्याकाळी खड्डा पाण्याने काठोकाठ भरा. सकाळपर्यंत जिरला तर उत्तम. सकाळीही वीतभर पाणी दिसलं तर खड्ड्यात न लावता फूटभर उंचीचा मातीचा उंचवटा करून त्यावर रोप लावा.

खड्डा भरताना शेणखत दोन घमेली, पण पूर्ण कुजलेलं. हे मी पुन्हा पुन्हा सांगतो, कारण आपला पट्टा उसाचा आहे आणि उकिरड्यातल्या कच्च्या शेणखताबरोबर हुमणीच्या अळ्या येतात. हुमणी मुळं कुरतडते, वरून पाणी दिलं तरी रोप मलूल होत जातं, आणि कारण कळत नाही. खत पसरून उलथंपालथं करून बघा. इंग्रजी 'सी'सारख्या वळलेल्या पांढऱ्या अळ्या दिसल्या तर ते खत वापरू नका. वाळवी असेल तर निंबोळी पेंड अर्धा किलो मिसळा.

६. लागवडीचा दिवस

पश्चिमेकडे, म्हणजे सातारा, कराड, वाळवा, शिराळा या बाजूला, जूनच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत. माण, खटाव, आटपाडी, जत इथलं गणित निराळं. तिथे खरा भरवशाचा पाऊस बऱ्याचदा सप्टेंबरमध्ये होतो. जूनच्या दोन सरींवर विसंबून लावलेलं रोप जुलै-ऑगस्टच्या उघडिपीत करपतं. टँकरची सोय नसेल तर ऑगस्टच्या अखेरीपर्यंत थांबा. कुठेही असा, खड्ड्यातल्या मातीत हात घाला. कोपरापर्यंत ओल लागली की लावा.

क्रम असा ठेवा:

१. पिशवीतल्या रोपाला आदल्या संध्याकाळी पाणी द्या, म्हणजे मातीचा गोळा फुटत नाही.
२. पिशवी ब्लेडने दोन बाजूंनी उभी चिरा आणि पूर्ण काढा. तळाला भोकं पाडून पिशवीसकट लावण्याचा प्रकार अजून चालतो, त्याने झाडाचा गळा आवळला जातो.
३. गोळ्याभोवती फिरलेली मुळं दिसली तर तीन ठिकाणी उभे, उथळ काप द्या. कुजलेली टोकं कात्रीने काढा.
४. खड्ड्यावर काठी आडवी ठेवून पातळी बघा. पिशवीत मातीची रेघ जिथे होती, तीच जमिनीची रेघ. बुंधा मातीत गाडला तर साल कुजते. मृत रोपं उकरून पाहिली तेव्हा खोल लावणं हेच कारण मला सर्वांत जास्त सापडलं.
५. माती थराथराने घाला, पायाच्या चवड्याने हलकं दाबा. टाचेने तुडवू नका.
६. बुंध्यापासून हातभर लांब गोल आळं करा आणि पाऊस पडत असला तरी एक घागर पाणी द्या. त्याने आतल्या पोकळ्या भरतात.

आधाराची काठी वाऱ्याच्या बाजूला, गोळ्याच्या बाहेर ठोका. बांधायला सुतळी किंवा जुन्या सुती कापडाची पट्टी, इंग्रजी आठच्या आकारात, बुंध्याला हलायला थोडी जागा ठेवून.

*सावध:* नायलॉनची दोरी आणि तार नको. आमच्याच गल्लीत एका वावळ्याला नायलॉनची दोरी दोन वर्षं तशीच राहिली. मी पाहिलं तेव्हा दोरी दिसत नव्हती. सालीने तिला गिळलं होतं, वरचा भाग फुगलेला, खालचा बारीक. सोडवायला गेलो तर झाड तिथेच मोडलं. मला त्याचं आजही वाईट वाटतं, कारण ते रोप मी लावलेलं होतं आणि दोरी सोडायचं काम माझंच होतं.

७. कुंपण आणि आच्छादन

वावळ्याचा पाला शेळ्या आवडीने खातात. रस्त्याकडेला कुंपणाशिवाय लावायचं असेल तर लावूच नका. बांबूचं किंवा बाभळीच्या काट्यांचं कुंपण स्वस्त पडतं, आणि लोखंडी ट्री गार्ड असेल तर बुंध्यापासून दीड फूट लांब हवं. शेळीने शेंडा खाल्लाच तर रोप उपटू नका. वावळा खालून जोमाने फुटतो. खाल्लेला भाग तिरका, स्वच्छ कापा आणि आलेल्या फुटव्यांतला सर्वांत सरळ एकच ठेवा.

आच्छादनाला उसाचं पाचट उत्तम, चार बोटं जाड, बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी सोडून. डोंगराकडेला मात्र पाऊस संपल्यावर पाचट काढून टाका आणि तीन फुटांचं वर्तुळ खुरप्याने साफ ठेवा. फेब्रुवारीत वणवा आला की आधी तेच पेट घेतं.

८. पाणी, आणि जानेवारीतला गैरसमज

रोज तांब्याभर पाणी घालणारी माणसं मायेनेच घालतात, पण त्याने मुळं वरच्या वर राहतात. पाऊस थांबल्यापासून पहिल्या उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत आठवड्यातून एकदा १५ ते २० लिटर, सावकाश जिरेल असं. बादलीच्या बुडाला बारीक भोक पाडून ती आळ्यात ठेवली की काम होतं. दुसऱ्या वर्षी पंधरा दिवसांतून एकदा. झाड वाढेल तसं आळं बाहेर सरकवत न्या, कारण पाणी पिणारी मुळं बुंध्याशी नसतात.

डिसेंबर-जानेवारीत पानं पिवळी पडून गळतील. वावळा पानझडी आहे, हे त्याचं नेहमीचं वागणं आहे. याच काळात लोक रोप मेलं समजून उपटतात, नाहीतर घाबरून पाणी दुप्पट करतात.

*तपासा:* कोवळ्या फांदीची साल नखाने तांदळाएवढी खरवडा. आत हिरवं, ओलसर दिसलं तर झाड जिवंत आहे. वर तपकिरी दिसलं तर खाली सरकत या. अगदी बुडाशी हिरवं असलं तरी थांबा. नवी पालवी एप्रिलपर्यंत येते, त्याआधी निकाल लावू नका.

९. छाटणी आणि सिमेंट

पहिली दोन वर्षं बाजूच्या फांद्यांना हात लावू नका, त्यांनीच बुंधा जाड होतो. फक्त दोन शेंडे बरोबरीने वाढत असतील तर कमजोर काढा. तिसऱ्या वर्षापासून खालच्या फांद्या थोड्या थोड्या काढत न्या, पण एकूण उंचीचा खालचा एक तृतीयांशच मोकळा करा. वेळ डिसेंबरअखेर ते जानेवारी, पानं गळाल्यावर. फांदी बुंध्याला मिळते तिथे एक फुगीर कड असते. काप तिच्या बाहेर घ्या, खुंटी ठेवू नका आणि कड कापू नका. जखमेवर डांबर किंवा ऑइलपेंट लावू नका.

झाड मोठं झाल्यावर शहराच्या हद्दीत ते तोडायला महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ प्रमाणे परवानगी लागते. मोठी छाटणी करायची असली तरी आधी वृक्ष अधिकाऱ्याकडे लेखी विचारा.

फुटपाथचं काम निघालं की त्या दिवशी स्वतः हजर राहा. पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीट बुंध्यापर्यंत आणलं की झाड हळूहळू मरतं, आणि तीन वर्षांनी कोणालाच कारण आठवत नाही. निदान चार फूट बाय चार फूट माती उघडी ठेवायला सांगा. खडूने चौकोन आखून दिला तर कामगार सहसा तो पाळतात.

तिसरा उन्हाळा आला की पाणी बंद करून बघा. मार्चमध्ये शेवटची बादली द्या, एप्रिलच्या पालवीनंतर पंधरा दिवस थांबा आणि दुपारी न जाता सकाळी सातच्या सुमारास पान पाहा. सकाळीही पान लोंबत असेल तर महिन्यातून दोनदा पाणी सुरू ठेवा आणि पुढच्या वर्षी पुन्हा हीच परीक्षा घ्या. पान ताठ असेल तर आधाराची काठी काढा, सुतळी सोडा, कुंपण मात्र बुंधा मनगटाएवढा होईपर्यंत राहू द्या.